माहेरी आलेली बुलेट

रविवारची सकाळ होती. शोळिंगनल्लूरमधल्या त्या नऊ मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये रखवालदार खाली वाकून फरशीकडे पाहत होता. फरशीवर भाकरीएवढा काळा डाग पडला होता आणि त्या डागावर उभी होती १९८६ सालची एक बुलेट. दूध घेऊन परतणाऱ्या तिच्या मालकाला पाहताच रखवालदाराने खिशातून एक कागद काढून पुढे केला. सोसायटीची ही तिसरी चिठ्ठी होती. आठ दिवसांत तेलाची गळती थांबवा, नाही तर गाडी आवाराबाहेर ठेवा.

तो चिठ्ठी घेऊन वर आला. बाबा नेहमीप्रमाणे खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. पत्नीने चिठ्ठी वाचली आणि एवढेच म्हटले, ''सोसायटीचं सोड. गुरुवारचं काय?''

गुरुवारची आठवण त्यालाही नको होती. शोळिंगनल्लूरच्या चौकातून अक्करईकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला जाणारा रस्ता बकिंगहॅम कालवा ओलांडून जातो. संध्याकाळी सात वर्षांच्या लेकीला मागे बसवून तो त्या रस्त्याने निघाला होता. वळणावर मागचे चाक अचानक सरकले. गाडीचा वेग बेताचा होता म्हणून थोडक्यात निभावले. त्याचा गुडघा सोलवटला, लेकीचा बूट फाटला. उठून पाहिले तर मागच्या टायरची एक कड तेलाने चकाकत होती. इंजिनातून पाझरणारे तेल वाऱ्याने मागे उडून टायरवर बसले होते. इतके दिवस तो ज्याला फक्त 'डाग' समजत होता, तो त्या संध्याकाळी लेकीच्या जिवावर बेतला असता.

''पुदुपेट्टैला नेऊन देऊन टाक,'' पत्नी हळू आवाजात म्हणाली. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. पुदुपेट्टै हा चेन्नईतला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार. तिथे गाडी गेली की ती गाडी राहत नाही. टाकी एका दुकानात, चाके दुसऱ्या दुकानात.

बाबांनी ऐकले की नाही, कोण जाणे. ते खिडकीबाहेरच पाहत राहिले.

ऊसशिवारातली सोबतीण

बाबा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे. एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात त्यांनी नोकरी केली. नोंदी करत, तोडणीच्या तारखा ठरवत रोज शिवारातून हिंडायचे. १९८६ साली पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी ही साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. पाणंदीतला चिखल असो की उसाच्या गाड्यांनी उखणलेला रस्ता, ती कधी अडली नाही. घरात आजारी माणूस असो, पाहुणे आणायचे असोत, मुलाला दहावीच्या परीक्षेला सोडायचे असो, 'बुलेट काढा' हेच उत्तर असे.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर २०२२ च्या जानेवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उपचारांनी ते चालू लागले, पण उजवा हात आणि उजवा पाय अधू राहिला, बोलणे जड झाले. गावी एकटे ठेवणे शक्य नव्हते. मुलगा चेन्नईत एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याने बाबांना शोळिंगनल्लूरला आणले.

राजीव गांधी सालई या रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शोळिंगनल्लूरचे रूप पालटले. ज्याला सगळे अजूनही जुन्या नावाने ओएमआर म्हणतात, तो हाच रस्ता. देशभरातली तरुण मंडळी इथे कामाला येतात. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे आईवडीलही येतात. तरुणांना ऑफिस असते, मुलांना शाळा असते. आईवडिलांना खिडकी असते.

बाबांना तमिळ येत नव्हते. खाली बसणाऱ्या आजोबांना मराठी येत नव्हते. बाबांची भाषा आधीच अडखळत होती, ती हळूहळू जवळजवळ थांबलीच. जे बोलत ते तुटक आणि रागाचे. चहा गार का, पंखा जोरात का, पोरगी मोठ्याने का वाचते. सून ऐकून घेई आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसे. मुलगा दोघांमध्ये पडायचे टाळी.

बाबांना जरा बरे वाटावे म्हणून मे महिन्यात त्याने गावच्या छपरात धूळ खात पडलेली बुलेट पुण्याहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून मागवली. पाठवण्याआधी गावाकडच्या एका गॅरेजात तिची 'सर्व्हिसिंग' करून घेतली. टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून आलेली बुलेट पाहिली तेव्हा पत्नीने गंमतीने म्हटले होते, ''माहेरी आली म्हणायची!''

ते अगदी खरे होते. या बुलेटचे माहेर चेन्नईच. इंग्लंडातल्या रेडिच गावची रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ साली 'एनफील्ड इंडिया' स्थापन केली आणि मद्रासच्या उत्तरेला तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पन्नासच्या दशकात लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली होती, त्यातून हे सारे सुरू झाले. पुढे मूळ इंग्रजी कंपनी बंद पडली, पण तिरुवोट्टियूरची बुलेट धडधडत राहिली. १९९४ मध्ये ही कंपनी आयशर समूहात विलीन झाली. तिथल्या टाक्यांवरच्या सोनेरी रेघा कारागीर हाताने, ब्रशच्या एका ओढीत काढत. बाबांच्या बुलेटच्या टाकीवरची ती रेघ ३६ वर्षांनंतरही शाबूत होती.

पण बाबांनी गाडी पाहिली आणि पाठ फिरवली. त्या बुलेटची किक उजव्या बाजूला, गिअरही उजव्या पायात, ॲक्सिलरेटर उजव्या हातात. जे जे उजवे, ते सगळे त्यांचे गेले होते. मुलाच्या हे लक्षातच आले नव्हते.

घट्ट, अजून घट्ट

गळती पहिल्या महिन्यातच सुरू झाली. आधी थेंब, मग नाण्याएवढा डाग, मग बशीएवढा.

त्याने लोकांना विचारले तर बहुतेकांनी हसण्यावारी नेले. जुनी बुलेट म्हटले की तेल गळायचेच, गळत नसेल तर समजावे की आत तेल नाही, हा विनोद त्याने निदान पाच जणांकडून ऐकला. त्यात थोडे तथ्यही आहे. साधारण २०१० पर्यंत चाललेल्या जुन्या बुलेटचे सिलिंडर बिडाचे, हेड ॲल्युमिनियमचे. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडे जाणाऱ्या साखळीचे चेनकेस हे सारे वेगवेगळे. जितकी झाकणे, तितके सांधे. जितके सांधे, तितक्या गळतीच्या जागा. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले आणि अशा कितीतरी जागा कमी झाल्या.

पण 'गळायचेच' म्हणून सोडून देणे वेगळे आणि फरशी भरून तेल येणे वेगळे.

त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, पान्यांचा संच विकत घेतला आणि जिथे ओले दिसेल तिथला नट आवळायला सुरुवात केली. एक दिवस गळती कमी झाल्यासारखी वाटे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आणखी आवळायचे. एका गॅरेजात नेली, तर तिथल्या पोराने सांध्यावर बाहेरूनच राखाडी सिलिकॉनचा जाड थर फासून दिला आणि पैसे घेतले. चार दिवसांत तो थर सोलून निघाला.

रोज सकाळी तो तेलाची पट्टी काढून पाही. पातळी खाली गेलेली दिसे. मग बाटलीतून तेल ओते. दुसऱ्या दिवशी आणखी गळे. आणखी ओते.

शेवटी गुरुवारच्या प्रसंगानंतर रागाच्या भरात त्याने वरच्या रॉकर कव्हरच्या नटावर लांब पान्याने जोर लावला. एक क्षण नट घट्ट झाला आणि मग हातात अगदी मऊ, मोकळा फिरला. हेडमधले आटे गेले होते.

आता खरोखरच पुदुपेट्टै, असे त्याच्या मनात आले.

''बाबांना विचारलंस?''

त्या रविवारी दुपारी पत्नीनेच विषय काढला. ''तीन महिने झाले, तू सगळ्या जगाला विचारलंस. ज्यांनी ती गाडी तीस वर्षं चालवली, त्यांना एकदा तरी विचारलंस का?''

''त्यांना त्रास कशाला? डॉक्टरांनी सांगितलंय, विश्रांती द्या.''

''विश्रांती द्या म्हणजे त्यांना काही विचारूच नका, असं नाही सांगितलं.''

तो गप्प झाला. खरे कारण वेगळे होते आणि ते त्याला माहीत होते. लहानपणी बाबांनी त्याला कधी गाडीला हात लावू दिला नव्हता. 'तुला जमायचं नाही' हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकले होते की आता आटे घालवल्यावर त्यांच्यापुढे जायची लाज वाटत होती.

तरी तो गेला. खुर्चीशेजारी उभा राहून म्हणाला, ''बाबा, बुलेट गळतीय. माझ्या हातून वरचे आटे गेले. काय करू?''

बाबांनी मान वळवली. बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागत होता. मग डाव्या हाताने त्यांनी खाटेखालच्या ट्रंकेकडे बोट केले.

ट्रंकेत, कागदपत्रांच्या खाली, जाड पुठ्ठ्याच्या तीन डायऱ्या होत्या. बुलेटच्या. तेल कधी बदलले, साखळी कधी ओढली, टायर कधी घेतला, सारे बारीक अक्षरात. मुलाने पाने उलटली. १९८९ सालच्या एका पानावर लिहिले होते, 'रॉकर कव्हर अतिघट्ट केल्याने आटा गेला. चूक माझी. कोल्हापुरास नेऊन दुरुस्त केले.'

चूक माझी! बाबांच्या तोंडून हे दोन शब्द त्याने उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. त्याने वर पाहिले. बाबांच्या वाकड्या झालेल्या ओठांत हसू होते.

''खाली... ने मला,'' ते म्हणाले.

पावडरचा डबा

लिफ्टने ते खाली आले. रखवालदाराने खुर्ची आणून दिली. गाडी मधल्या स्टँडवर लावली होती, इंजिन गार होते. बाबांनी पहिली गोष्ट सांगितली ती धुण्याची. ''आधी स्वच्छ. मग बघ.''

गळती शोधण्याचा हा पहिला नियम. तेल एका जागी निघते, दुसऱ्या जागी दिसते आणि तिसऱ्याच जागी टपकते. ते उतारावरून खाली येते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून खालच्या थेंबाकडे पाहून काही कळत नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी लागते, आणि ती मळकट इंजिनावर सापडत नाही. बापलेकांनी रॉकेल आणि जुन्या ब्रशने इंजिन घासले. अशा कामाला पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ लगेच पेट घेते. मग कापडाने कोरडे केले. जुना सिलिकॉनचा थर लाकडी पट्टीने सोलून काढला. टायर साबणाने धुतला.

''आता पावडर,'' बाबा म्हणाले.

''कसली पावडर?''

''तोंडाची.''

लेक धावत वर गेली आणि आईचा टाल्कम पावडरचा डबा घेऊन आली. आई मागोमाग खाली आली, जाते कुठे पाहायला. सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरली. बुलेट पांढरी झाली. लेक हसून हसून बेजार झाली आणि खूप दिवसांनी आजोबाही हसले.

इंजिन सुरू करून मुलाने आवारातच सावकाश चार फेऱ्या मारल्या. परत येऊन सगळे वाकले. पांढऱ्या पावडरवर तेलाची खूण स्पष्ट उमटली होती, पण एक नाही, तीन. वर रॉकर कव्हरखाली, मध्ये टॅपेटच्या झाकणाशी आणि उजवीकडे टायमिंग कव्हरच्या सांध्याला.

मुलाने कपाळाला हात लावला. ''तिन्ही पॅकिंग गेली बाबा.''

बाबांनी मान हलवली. एकेक शब्द सोडवत ते म्हणाले, ''तीन दारं... एकदम मोडत नाहीत लेका. आतून... कुणीतरी ढकलतंय.''

कोंडलेला श्वास

बुलेटला एकच मोठा पिस्टन. तो खाली येतो तेव्हा त्याच्याखालची जवळजवळ साडेतीनशे घनसेंटीमीटर हवा दाबली जाते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटातून दोन हजार वेळा. ही हवा बाहेर पडावी म्हणून इंजिनाच्या पोटातून रबराची एक नळी काढलेली असते. तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा असतो. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. त्यामुळे इंजिनाच्या पोटात दाब साठत नाही, उलट किंचित कमीच राहतो. दाब कमी असला की तेल सांध्यातून बाहेर यायला बघत नाही. ही नळी म्हणजे इंजिनाचा श्वास.

मुलाने नळी शोधली, हाताने चाचपत टोकापर्यंत गेला आणि थबकला. टोकाला रबरी चोच नव्हती. तिथे एक बोल्ट ठोकून बसवला होता, वर तार गुंडाळली होती.

गावाकडच्या त्या गॅरेजात काय झाले असेल, हे ओळखायला वेळ लागला नाही. नळीतून हवेबरोबर थोडे तेलही येते. कुणातरी पोराला वाटले, गळती इथूनच आहे. त्याने तोंड बंद करून टाकले. वाट बंद झाल्यावर दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलू लागला. मुलगा एक फट आवळी, तेल दुसरीकडून येई. तीन महिने तो झाकणांशी भांडत होता. दोष झाकणांचा नव्हताच.

''आणि तेल... किती घातलंस?'' बाबांनी विचारले.

मुलाने सांगितले. रोज सकाळी पट्टी बघून.

बाबांनी डाव्या हाताने कपाळ बडवून घेतले, पण रागाने नाही. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी जोडलेली नसते, इंजिनाच्या कवचातच मागे तिचा कप्पा असतो. एक पंप तिथून तेल पुढे नेतो, दुसरा ते परत आणतो. गाडी रात्रभर उभी राहिली की कप्प्यातले थोडे तेल झिरपत इंजिनाच्या तळाशी उतरते. सकाळी पट्टीवर पातळी कमी दिसते, पण तेल कुठे गेलेले नसते. म्हणून इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, दोन मिनिटे थांबून मगच पट्टी पाहायची. दोन लिटरांहून थोडे अधिक तेल मावणाऱ्या इंजिनात मुलाने कितीतरी जास्त ओतले होते. आधीच कोंडलेल्या इंजिनाला त्याने आणखी भरवले होते.

सून इतका वेळ गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिने त्या बोल्टकडे पाहिले आणि नंतर सासऱ्यांकडे. मग कुणालाच न उद्देशून म्हणाली, ''श्वास घ्यायला वाट नसली, की कुणीही चिडणारच.''

बाबांनी तिच्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी चहा हातात घेताना ''छान झालाय पोरी,'' म्हणाले. चहा खरे तर गारच होता.

पुदुपेट्टैची फेरी

शनिवारी मुलगा पुदुपेट्टैला गेला, पण गाडी द्यायला नाही. बाबांनी डाव्या हाताने, शाळकरी मुलासारख्या अक्षरांत यादी लिहून दिली होती. नळीची नवी रबरी चोच, रॉकर कव्हर, टॅपेट आणि टायमिंग कव्हरची पॅकिंग, तेलाचा फिल्टर आणि तेलाच्या बारीक नळीच्या जोडाला लागणारे तांब्याचे वायसर. दुकानदाराने यादी पाहून विचारले, गाडी कुठल्या सालची? साल सांगताच त्याने आतल्या खणातून एकेक वस्तू काढून दिली. तिच्या जन्मगावी छत्तीस वर्षांच्या गाडीचा भाग मिळायला अडचण पडली नाही.

तांब्याचे वायसर आणल्यावर बाबांनी एक जुनी युक्ती शिकवली. वापरलेला वायसर दाबला जाऊन कडक होतो आणि मग नीट बसत नाही. तो गॅसवर लाल होईपर्यंत तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो. गावी नवा मिळत नसे तेव्हा ते असेच करत. नवे आणले होतेच, तरी नातीने एक जुना वायसर चिमट्यात धरून बाबांसमोर लाल करून घेतला.

गेलेल्या आट्यासाठी मात्र कारागीर हवा होता. जवळच्या गल्लीत एक वयस्क मेकॅनिक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते ड्रिल आणि आटे पाडायची हत्यारे घेऊन पार्किंगमध्ये आले. बाबांना खुर्चीत पाहून त्यांनी हात जोडले. अण्णांना मराठी येत नव्हते, बाबांना तमिळ. पण अण्णा 'बोल्टु' म्हणाले, बाबा 'बोल्ट' म्हणाले, एकाने अंगठा वर केला, दुसऱ्याने मान हलवली आणि पुढचे दोन तास त्या दोघांना दुभाष्याची गरज पडली नाही.

खराब झालेले भोक किंचित मोठे करून त्यात नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेची गुंडाळी बसवायची. तिला हेलिकॉइल म्हणतात. ती बसली की ॲल्युमिनियमच्या हेडला पोलादाचे आटे मिळतात. ड्रिलचा कीस आत पडू नये म्हणून अण्णांनी भोवती ग्रीस लावून कापड कोंबले.

मग झाकणांची पाळी आली. जुने पॅकिंग खरवडताना स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, एक ओरखडा म्हणजे तेलाला नवी वाट. झाकणाची कड सपाट आहे की नाही हे पाहायला काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकण त्यावर हलकेच फिरवायचे. जिथे चकाकी येत नाही तिथे खड्डा. सिलिकॉन थापायचे नाही, कारण आतल्या बाजूला सुटलेला त्याचा तुकडा तेलाच्या बारीक वाटेत अडकला तर वरच्या रॉकरला तेलच मिळत नाही.

इंजिनातले जुने तेल परातीत काढले तेव्हा मुलाने सवयीने गटाराकडे पाहिले. बाबांनी मान हलवली. ''उसाच्या पाटात... कुणी ओतत नाही. इथं का?'' इथल्या गटारांचे पाणी जाणार कुठे? जवळच बकिंगहॅम कालवा आहे आणि पळ्ळीकरणैची पाणथळ जमीन. याच २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. वापरलेले तेल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडते. अण्णांकडे त्यासाठी पिंप होते, ते भरले की तेल पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाई. परात तिकडे गेली.

पोदुम

शेवटी झाकणे बसवायची होती. अण्णांनी पाना मुलाच्या हाती दिला. मुलाने सवयीप्रमाणे पाना टोकाशी धरला. अण्णांनी त्याचा हात सरकवून नटाजवळ आणला. पाना जितका आखूड धरावा, तितका जोर कमी लागतो. आधी सगळे नट बोटांनी लावायचे. मग समोरासमोरचे थोडे थोडे. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचे नाही. पॅकिंग सगळीकडे सारखे दबले पाहिजे, चिरडले जाता कामा नये.

मुलाने शेवटचा नट आवळला. हात आणखी थोडा फिरणार, तोच अण्णा म्हणाले, ''पोदुम, पोदुम!''

''म्हणजे?'' बाबांनी विचारले.

''पुरे,'' मुलाने सांगितले.

''पोदुम,'' बाबांनी म्हणून पाहिले. शब्द न अडखळता आला. त्यांनी पुन्हा म्हटला, ''पोदुम.''

मोजून नवे तेल भरले. मुलाने किक मारली. तिसऱ्या किकेला बुलेट बोलू लागली. बाबांनी खुर्ची पुढे सरकवायला सांगितली, डावा हात लांब करून नळीच्या चोचीजवळ धरला. दर ठोक्याला तळहातावर हवेची हलकी फुंकर येत होती. त्यांनी नातीचा हात ओढून तिथे धरला. ''बघ. श्वास.''

रात्री त्यांनी इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरायला लावले. सकाळी सहाला ते काठी टेकत एकटे लिफ्टने खाली गेले. रखवालदाराने नंतर सांगितले, आजोबा वाकून पेपर वाचत होते. तमिळ वर्तमानपत्र. त्यात बाबांना वाचता येईल अशी एकच बातमी होती आणि ती चांगली होती. रॉकर कव्हर कोरडे, टॅपेट कोरडे, टायमिंग कव्हर कोरडे. डावीकडच्या चेनकेसखाली मात्र चार आण्याएवढा एक ठिपका होता. ते झाकण या गाडीत मधल्या एकाच नटावर बसते.

मुलाने विचारले, ''हाही काढू या का बाबा?''

बाबांनी थोडा विचार केला. ''एवढं... चालायचंच.'' ठिपक्याखाली एक पत्र्याचे झाकण ठेवले, सोसायटीची तक्रार मिटली.

त्यानंतर रोज सकाळी सहाला खाली जाणे हा बाबांचा नेम झाला. तिथे अण्णा कधी गॅरेजकडे जाताना थांबत, रखवालदार चहा पाजी, तळमजल्यावरचे आजोबा आपल्या स्कूटरचा आवाज ऐकवायला घेऊन येत. बाबांचे बोलणे पहिल्यासारखे झाले नाही, होणारही नव्हते. पण ते बोलू लागले. राग येई तेव्हा रागावत आणि मग थांबत.

घरात माणूस चिडचिडा झाला की आपण काय करतो? गप्प बसवतो, जपतो, विश्रांती घ्या म्हणतो. जिथून काही पाझरते तिथे झाकण आवळतो. पण त्याच्या श्वासाची वाट कुणी बंद केली, हे पाहायला विसरतो. कधी कधी ती आपणच, अगदी चांगल्या हेतूने, बोल्ट ठोकून बंद केलेली असते.

त्या रविवारी जेवताना सुनेने बाबांच्या पानात तिसऱ्यांदा भात वाढायला हात पुढे केला. बाबांनी डावा तळहात पानावर आडवा धरला आणि म्हणाले, ''पोदुम, पोरी. पोदुम.''